कॅसेटमधला उखाणा

सुशांत जिना चढू लागला तेव्हा वासुदेवराव आतल्या खोलीत पडद्यामागे बसलेले होते. ऋतानंच त्यांना तिथे बसवलं होतं. हे गृहस्थ इंदूरहून काशीला एकच गोष्ट विचारायला आले होते: आपली मुलगी ज्याला द्यायची ठरली आहे, त्याचं आधी एक लग्न झालेलं आहे का? ऋता हो म्हणाली नाही, की नाही म्हणाली नाही. "मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, टाकलेली बाई आहे, जळून बोलतेय. त्यांचा निरोप आलाय, ते आज यायचेत. त्यांच्याच तोंडून ऐका."

ब्रह्मा घाटावरच्या ऋताच्या या माहेरघराचा उंबरा सुशांतनं कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. आता मात्र रोजचं येणंजाणं असल्यासारखा तो खाटेवर बसला, खिशातून कॅसेट काढली आणि न विचारता कोपऱ्यातल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

कुठल्याशा इंग्रज बँडचा तो पहिलाच अल्बम. विजेच्या पेटीचे सूर, यंत्राचा ढोल, आणि झोपेतून उठवल्यासारखा गाणारा एक गोरा. मध्येच सगळं थांबलं आणि एका बाईचा आवाज आला: 'सुशांतराव आठल्यांचं नाव घेते, आरतीची वेळ.' मग ढोल परत सुरू झाला आणि त्याच्या ठेक्यावर तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

किती कोवळा होता आपला आवाज, असं ऋताला वाटलं.

तिची ती लग्नानंतरची पहिली मंगळागौर. पलीकडच्या गल्लीत एक इंग्रज राहायचा, घाटांवरचे आवाज टेप करत हिंडायचा. त्याला मशीनसकट घरी आणला तो सुशांतनंच. बायकांनी नाव घे, नाव घे म्हणून भंडावून सोडल्यावर ऋतानं तोंडातल्या तोंडात उखाणा घेतला, तर हा दारातून म्हणाला, मोठ्यानं घे, आडनावासकट घे, विलायतेत ऐकू गेलं पाहिजे. गेलं. तिथून ते या गाण्यात शिरून मुंबईच्या दुकानात आलं आणि वासुदेवरावांच्या मुलाबरोबर इंदूरला पोचलं. साऱ्या काशीत आठल्यांचं घर एकच, आणि त्यात सुशांतही एकच.

त्या मंगळागौरीनंतर वर्षाच्या आत त्यानं ऋताला माहेरी आणून सोडलं. फारकत नाही, काही नाही. कारण काय, तर बायको मुखदुर्बळ, चारचौघांत तोंड उघडत नाही.

सुशांतनं टेप बंद केला. सगळा झमेला या गाण्यानं केलाय, म्हणाला. तो म्हातारा आज ना उद्या इथं येणार. त्याला आपण सांगितलंय की लग्न वगैरे काही झालेलं नाही, नावात नाव मिळालंय, बस.

"तू एवढंच म्हण की आवाज माझा नाही. तुझं काय जातंय?"

ऋता भिंतीला टेकून उभी होती. माझं काय जातंय, असं हा माणूस तिलाच विचारत होता. गेली कित्येक वर्षं गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघून आवाज खाली आणत होत्या, सवाष्ण म्हणून बोलवावं की नाही यावर कुजबुजत होत्या, आणि हा विचारत होता काय जातंय. त्याची कीव यावी इतका तो घामाघूम झाला होता, पण तिला कीव आली नाही. तो तोंडावर आपटलेला तिला बघायचा होता, आणि तोही स्वतःच्या पायात पाय अडकून.

"म्हणते," ती म्हणाली. "पण एक करा. तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाहीत. लग्नातसुद्धा बायकी खूळ म्हणून टाळलंत. आज घ्या."

सुशांतला हसू आलं. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. बायकांची जात, म्हणाला, शेवटी हेच हवं असतं. वर मोठेपणा असा, की क्षणभर डोळे मिटून त्यानं छानपैकी जुळवलंसुद्धा.

"बाबा विश्वनाथाला वाहिली बेलाची पानं, ऋता माझी बायको, नाव घेतो मानानं."

"ऐकू नाही आलं."

"अगं, आता काय सगळ्या मोहल्ल्याला..."

"मोठ्यानं घ्या. आडनावासकट."

त्यानं घेतलं. ऋता सुशांत आठल्ये माझी बायको, असं खणखणीत म्हणाला, आणि वर मान डोलावून दादही स्वतःच दिली.

पडदा बाजूला झाला. वासुदेवराव सावकाश बाहेर आले, खांद्यावरचं उपरणं नीट केलं. सुशांत उठला. वासुदेवरावांचा आवाज चढला नाही.

"छान घेतलंत. माझी मुलगी माझ्याबरोबर आलीय, खाली मंगळागौरीच्या देवळात बसलीय. चला, तिच्यासमोर परत एकदा घ्या."

सुशांतनं ऋताकडे पाहिलं. काहीतरी म्हण, अशी ती नजर होती. ऋता वाकली आणि त्याच्या चपला उचलून जिन्याकडे तोंड करून नीट जोडीनं मांडून ठेवल्या. बायको म्हणून तिनं त्याचं केलेलं हे शेवटचं काम, आणि ते तिनं अगदी मन लावून केलं.