तुटलेली जागा

भरदुपारी थोरल्याने भिंतीतून आलेली बंद पडलेली वायर टेस्टरला जोडली. ती किती अंतरावर तुटली आहे, ते टेस्टर दाखवायचा.

"चाळीस मीटर," धाकटी बहीण म्हणाली. "म्हणजे तळमजल्यावर."

खात्रीसाठी तिने पुन्हा बटण दाबलं. एकवीस.

"दादा, मशीनचं डोकं फिरलंय."

"तुझ्यावर गेलंय," तो हसला.

तिसऱ्यांदा नऊ आले. म्हणजे शेजारची खोली, आणि ती तर रिकामी होती.

मग तीन. आता थोरला हसला नाही. भिंतीपासून टेस्टरपर्यंत दोन मीटर वायर डोळ्यांसमोर धडधाकट दिसत होती. मधोमध त्याने ती मुठीत धरली होती.

धाकटीने बटणाला हातही लावला नव्हता, तरी आकडा बदलला. दीड. भिंतीच्या अलीकडे.

"दादा," ती म्हणाली, "वायर सोड."