हिरवं होईपर्यंत

"हे लाल काय दिसतंय?" पद्माकर सरांनी विचारलं.

पडद्यावर जमिनीखालची एक कोळशाची खाण होती. खोटी. कृतिका नावाच्या विद्यार्थिनीनं ट्रेनिंगमध्ये शिकत शिकत सॉफ्टवेअरवर बनवलेली. हवा पोचते तिथं हिरवं, पोचत नाही तिथं लाल. आत अगदी टोकाला, माणसं कोळसा काढतात नेमकं तिथंच, लालभडक झालं होतं.

"तिथं हवा कमी पडतेय, सर," समता म्हणाली. कंपनीनं हे सॉफ्टवेअर विद्यापीठाला फुकट दिलं होतं आणि ते शिकवायला समताला नोएडात धाडलं होतं. "लाल दिसतंय म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतंय."

"अहो, पण आत्ता कुलगुरू येतायत लॅबच्या उद्घाटनाला."

सर खाणकाम विभागाचे प्रमुख. खाणीत कधी उतरले नव्हते. गाडीसुद्धा तळघरात लावायला ड्रायव्हरला पाठवायचे, खाली म्हणे गुदमरतं. लॅबच्या दारावरच्या झेंडूच्या माळा मात्र त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतल्या होत्या. शिकवणं सोडलं तर बाकी कशातच त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"दुरुस्त होईल ना?"

"होईल की. हवेसाठी आणखी एक वाट काढावी लागेल. कृतिकाला बसवून करून घेते, उद्यापर्यंत होईल."

"उद्या काय कुलगुरू माझ्या घरी चहाला येणार आहेत?"

लॅब पोरांनी भरलेली होती, पण सरांनी आवाजसुद्धा खाली आणला नाही. दिल्लीकडे आपल्या लोकांना ही एक सोय आहे. चारचौघांत काय वाटेल ते बोला, मराठीत बोललं की झालं.

"त्या टोकाला माणसं किती धरलीत?"

"चाळीस."

"कमी करा ना मग."

"किती कमी करू?"

"हिरवं होईपर्यंत."

समताला वाटलं, सर गंमत करतायत. सर गंमत करत नव्हते. ट्रेनिंग व्यवस्थित पार पडल्याचा तिचा कागद त्यांच्या हातात होता. त्यावर त्यांची सही झाली तरच कंपनी तिला नोकरीत कायम करणार होती, आणि हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि तळहातावर आपटत राहिले. समताला त्या माणसाची किळस आली. मग माउसकडे गेलेल्या स्वतःच्या हाताचीही आली.

तिनं चाळीसचे वीस केले. लाल. दहा केले. लालच. दोन माणसांनासुद्धा हवा पुरेना. शेवटी तिनं शून्य टाकलं आणि अख्खी खाण हिरवीगार झाली.

"बघा, किती सोपं होतं," सर म्हणाले. "तुम्ही कंपनीवाले उगाच बाऊ करता."

कुलगुरू आले. रिबीन कापली. दिवा लावला, तो एसीच्या वाऱ्यानं विझला, परत लावला. मग हात मागे बांधून ते पडद्यासमोर उभे राहिले.

"वाह, सब हरा ही हरा. कितने लोग काम करते हैं यहाँ?"

सर घाईघाईनं फोटोवाल्याला पुढं बोलवायला लागले.

"एक भी नहीं, सर," समता म्हणाली. मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सही गेली तर गेली, एकदाचं उघडं पडू दे, असं तिला वाटलं.

कुलगुरूंनी वळून सरांकडे पाहिलं.

"फुल ऑटोमेशन!" ते म्हणाले. "शाबाश, पद्माकरजी." आणि टाळ्या वाजवायला लागले. मग काय, सगळ्यांनीच वाजवल्या. सगळ्यांत जोरात सरांनी. हिरव्या पडद्यासमोर फोटो निघाले. त्या भरात सरांनी कुलगुरूंदेखत समताच्या कागदावर सही ठोकली, वर 'अतिउत्तम' असा शेराही मारला. मंडळी समोशांकडे वळली.

समता कागद घेऊन तिथंच उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिला त्या कागदावर थुंकावंसं वाटत होतं.

कृतिका खायला गेली नव्हती. पुढच्या महिन्यात ती झारखंडच्या एका कोळसा खाणीत नोकरीला लागणार होती. तिच्या वर्गातून खरोखर जमिनीखाली उतरणारी ती एकटीच.

"मॅडम, एक विचारू?" ती मराठीत म्हणाली.

समता चपापली. "तुला मराठी येतं?"

"घरी बोलतो ना आम्ही. पप्पा सरकारी नोकरीत आहेत, सरोजिनी नगरला राहतो." ती पडद्याकडेच बघत होती. "मी जिथं जॉइन होणार आहे ना, त्या खदानमध्ये माणसांचा आकडा कोण टाकतं?"