तीन चौकटी
परगावच्या नोकरीला पाचच्या आत होकार कळवायचा होता. पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांचा नेमच होता, शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय लेकीने उठायचं नाही. आजचा विषय पक्षी. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं, हे कळल्यावर तिनेही मान वळवून घड्याळ पाहिलं. पावणेपाच. “शेवटचा शब्द! महिनोन्महिने जमिनीला न टेकणारा, तीन अक्षरी. काय असेल गं, शहाणे?” “तुम्हीच सांगा.” “मला येत असतं तर तुला कशाला बसवलं असतं?” तिने कागद उजेडाकडे धरला. रिकाम्या चौकटींत बाबांच्या थरथरत्या हाताची पुसट अक्षरं दिसली. सकाळीच अख्खं कोडं सोडवून खोडलं होतं, तिला बसवून ठेवायला! उशीखाली झिजलेलं खोडरबर होतं. डोळे पुसत तिने पेन उघडून ‘पाकोळी’ लिहिलं. “अगं, पेनाचं खोडता येत नाही!” “म्हणूनच, बाबा,” म्हणत ती होकार कळवायला उठली.