बोटावरची साखर

नाताळ आठवड्यावर आला तरी सतरा वर्षांची रेका जेवणाच्या टेबलाकडे फिरकत नव्हती. वजन वाढेल या धास्तीने तिने खाणंच सोडलं होतं; गळ्याची हाडं वर आली होती. उद्या तिला बुडापेस्टच्या इस्पितळात दाखल करायचं होतं. तिच्या आईने, एटेल्काने, शेवटचा उपाय म्हणून मधाची बिस्किटं भाजली. “बाळा, माझी रेघ सरळ येत नाही गं. तू काढतेस नक्षी?” रेका येऊन बसली. साखरेच्या आयसिंगच्या धारेतून पाकळ्या, खिडक्या, पाखरं उमटू लागली. हळूहळू ती रमली, चक्क हसली. “आई, तुझ्या बदकांचे बटाटे झालेत!” एवढ्यात साखरेचा ओघळ तिच्या बोटावर आला. एटेल्का त्या बोटाकडे पाहत राहिली. पूर्वी हे बोट लगेच तोंडात जायचं. “चाट ना,” आईने हात जोडले. “फक्त एवढंच. तुझ्या पाया पडते.” रेकाचं हसू विझलं. ती उठली आणि साखर केव्हाच गेली तरी बोट साबणाने धूत राहिली.