बोस्तानकाकांचं टक्कल

शाईची रेघ चित्रातल्या कानापासून निघाली आणि बोटभर जाताच तिला बारीक, एकसारख्या लाटा आल्या. स्मरांदानं टाक उचलला. ऑक्टोबरभर रोज गोष्टीतलं एक ओळखीचं पात्र काढायचं, असा सिबियू शहरातल्या चित्रकारांचा खेळ. तिनं आजवर लांडगे, अस्वलं, कोल्हेच निवडले; तिथली थरथर पाहणाऱ्यांना वाऱ्यानं हललेली लव वाटायची. आज मात्र सगळ्यांनी टीव्हीवरचे लाडके बोस्तानकाका मागितले, आणि त्यांचं टक्कल म्हणजे एकच गुळगुळीत गोल रेघ. प्लमचा मुरंबा ढवळणारा नवरा तिबेरियू पळीसकट डोकावला. “अगं, या वयात काकांना केस फुटले की!” ती हसली नाही. त्यानं रेघेकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. पळीतला पाक फरशीवर ठिबकत राहिला. “केस नाहीत ते,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी ईस्टरलाच हाताच्या कंपाबद्दल सांगितलं होतं. मीच ऐकत नव्हते. तिबी, मी चित्रं काढणं सोडतेय.”