सातवी वाटी

गावच्या मधाला भौगोलिक मानांकन मिळालं. आता बरणीवर गावाचं नाव कोणी लावायचं आणि कोणी नाही, हे ठरवायचं काम म्हाताऱ्याच्या जिभेवर आलं. पन्नास वर्षं मध चाखलेली जीभ ती. तिच्यापुढे गावात कोणी ब्र काढत नसे.

पण दोन महिन्यांपूर्वीच्या तापात त्याची चव पार गेली होती. त्याने ते कोणाला कळू दिलं नव्हतं. चव गेल्यावर मग त्याला विचारतो कोण?

मध सोसायटीच्या खोलीत, मानांकनासाठी आलेल्या साहेबासमोर, बारा वाट्या मांडल्या होत्या. कोणाची कुठली ते कळू नये म्हणून वर नुसते आकडे. त्याने एकेक चमचा तोंडात घोळवला. सगळं नुसतं चिकट पाणी. सगळ्याच पास केल्या तर साहेबाला संशय येईल, या धास्तीने त्याने सातवी वाटी बाजूला सारली.

"हा आपल्याकडचा नाही. भेसळ आहे."

साहेबाने यादी पाहिली आणि चष्मा काढला. "आजोबा, ही तुमच्या सुनेची वाटी. पुन्हा एकदा चाखून बघता का?"

मुलगा गेल्यापासून त्याच मधावर घर चाललं होतं. म्हाताऱ्याने घाईघाईने चमचा उचलला.

मध देणाऱ्यांत उभ्या असलेल्या सुनेने पुढे येऊन तो त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. "नको साहेब. मामंजींची जीभ कधी चुकत नाही. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असेल."