पेशंटचं काम

उज्जैनच्या नर्सिंग कॉलेजात आज रोल-प्ले होता. एकीनं नर्स व्हायचं, दुसरीनं मनानं खचलेली पेशंट. पेशंटचं काम आलं झाबुआच्या सुरमा डामोरकडे. वर्गातली ती एकटीच आदिवासी.

काउन्सेलरच्या दारातून ती दोनदा परत फिरली होती. तिथल्या वहीत नाव लिहावं लागतं, आणि ती वही सगळ्याजणी चाळतात. आज मात्र ती बोलतच सुटली. मेसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, सगळ्या 'कोट्यातली' म्हणतात, रविवारी देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊन झाबुआची बस नुसती बघून येते... पुढे हुंदकाच फुटला.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला.



"शाब्बास बेटा! परसों इन्स्पेक्शन है, उनके सामने भी बिल्कुल ऐसे ही रोना."